ताडोब्याची लाल टोळी

वाघ बघायला जाऊन कुत्र्यांवर फिदा होऊन परतलेल्या एका ग्रुपची, आणि मुख्य म्हणजे त्या कुत्र्यांची गोष्ट

मोहर्ली गेटवर सफारी संपवून बाहेर पडणाऱ्या जिप्सींना एकच प्रश्न विचारला जातो, ‘झालं का?’ काय झालं का, हे सांगावं लागत नाही. हो म्हणणाऱ्यांचे चेहरे बोर्डात आल्यासारखे असतात. नाही म्हणणारे ‘अस्वल दिसलं, गवे दिसले’ असं काहीबाही पुटपुटत चहाच्या टपरीकडे सटकतात. या दुसऱ्या यादीत अगदी शेवटी, मोर आणि मुंगसाच्या आसपास, कधीकधी एक नाव असतं, ‘आणि हो, ते जंगली कुत्रे.’ सांगणाऱ्याच्या आवाजात उत्साह नसतो. बरोबरच आहे ना! कुत्रे काय, सोसायटीच्या गेटवर रोज रात्री बाराला बाइकच्या मागे लागतातच. ते बघायला नागपूरपर्यंतचं विमानाचं तिकीट, जिप्सीचे पैसे आणि पहाटे चारचा अलार्म कशाला?

तर मंडळी, आधी दोन आकडे. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार भारतात सरासरी ३,६८२ वाघ आहेत. आणि आययूसीएन या संस्थेच्या २०१५ च्या अंदाजानुसार संपूर्ण जगात, म्हणजे भारत, नेपाळ, भूतान, थायलंडपासून थेट जावा बेटापर्यंत सगळं धरून, पिल्लं जन्माला घालण्याच्या वयाचे रानकुत्रे आहेत ९४९ ते २,२१५. दोन्ही आकडे काढायची पद्धत वेगळी, त्यामुळे सोनाराच्या काट्यावर तोलायला नकोत. पण ज्या जनावरासमोरून आपण ‘चला हो पुढे, कुत्रेच आहेत’ म्हणत गाडी हाकतो, ते वाघापेक्षा दुर्मीळ असू शकतं, एवढं तरी यातून कळतं. निम्मं जग पालथं घालून गोरे पर्यटक आपल्याकडे याच कुत्र्यांसाठी येतात आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून वॉकीटॉकीवर वाघ शोधत बसतो.

कुत्रा, पण आपला तो नव्हे

आपल्याकडे याला रानकुत्रा म्हणतात. विदर्भात सर्रास जंगली कुत्रा. घाटावर आणि कोकणात जुनी माणसं कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात, इंग्रजीत याला ‘ढोल’ म्हणतात. ढोल-ताशातला नव्हे. नाव कुत्र्याचं असलं तरी आपल्या मोत्या-टॉमीशी याचं नातं लांबच्या चुलत भावासारखं आहे. मोत्या हा मूळचा लांडग्याच्या घराण्यातला. रानकुत्र्याचं घराणं वेगळं, आणि त्या घराण्यात म्हणजे ‘क्युऑन’ या प्रजातीत आज तो एकटाच उरला आहे. हिमयुगात याचे भाऊबंद पार युरोपात हिंडत होते, तिथे त्यांची हाडं सापडतात.

फरक बघायचा तर तोंड उघडून दात मोजायला हवेत. (सल्ला नाही, माहिती आहे.) मोत्याच्या तोंडात ४२ दात असतात, याच्या तोंडात ४०. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंची शेवटची एकेक दाढच नाही. याचं खाणं जवळपास फक्त मांसाचं, त्यामुळे भरडायच्या दाढा कमी आणि कापायचं काम जास्त. मादीला सड जास्त, १२ ते १४, कारण एका वेळी पिल्लं भरपूर होतात. कान गोलसर, गळ्यापाशी पांढरं, अंगावर विटकरी-तांबूस झळाळी आणि शेपूट काळं, झुपकेदार, बाटलीच्या ब्रशसारखं. वजन जेमतेम १२ ते २० किलो. तुमच्या शेजाऱ्यांचा सोफ्यावर लोळणारा लॅब्राडोर याच्यापेक्षा सहज जड भरेल. आणि एवढंसं जनावर टोळी करून सांबर पाडतं, जे त्याच्या दहापट वजनाचं असू शकतं.

पण सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे याचा आवाज. हा मोत्यासारखा दिवसभर भुंकत बसत नाही आणि लांडग्यासारखा चंद्राकडे बघून गळाही काढत नाही. हा शिट्टी वाजवतो. खरोखरची शिट्टी! दाट बांबूत पाठलाग करताना टोळी पांगते, कोण कुठे गेलं पत्ता लागत नाही, मग एक जण बारीक, लांब शिट्टी घालतो, पलीकडून उत्तर येतं आणि पाच-दहा मिनिटांत सगळे परत एकत्र. पहिल्यांदा ऐकताना हा पक्षी आहे असंच वाटतं.

पुण्याचा साहेब आणि दख्खनचा कोळसून

या जनावराचा आणि आपला संबंध किती जुना आहे हे मला एका लायब्ररीत अचानक कळलं आणि मी उडालेच. ‘ईस्ट इंडिया कंपनी’च्या मुंबई आर्मीत विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक अधिकारी होता. १८२० च्या दशकात त्याच्याकडे काम आलं दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं. पीकपाणी, लोकसंख्या, बाजारभाव, सगळं. साहेब घोड्यावर बसून सगळा मुलूख फिरला आणि फिरता फिरता पक्षी-प्राणीही गोळा करत गेला. पुण्याबाहेर माळावर दिसणाऱ्या एका तांबूस चंडोलाला आजही इंग्रजीत त्याचंच नाव आहे.

या साइक्सनं १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे एक नवा प्राणी मांडला. शास्त्रीय नाव ठेवलं ‘कॅनिस दख्खनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा कुत्रा, आणि शेजारी आपलं देशी नावही नोंदवलं, मराठ्यांचा कोळसून. म्हणजे बघा, आपल्या डेक्कनचं नाव जगाच्या प्राणिशास्त्रात गेलं ते या कुत्र्याच्या गळ्यात बांधून.

पुढे घोळ झाला. २० वर्षं आधीच, १८११ मध्ये, पीटर सायमन पॅलास नावाच्या शास्त्रज्ञानं रशियन साम्राज्याच्या पूर्व टोकाकडच्या अशाच लाल कुत्र्याला ‘कॅनिस अल्पिनस’ म्हणजे पहाडी कुत्रा असं नाव देऊन ठेवलं होतं. काठमांडूत बसलेल्या ब्रायन हॉजसननं १८३३ मध्ये नेपाळातल्या कुत्र्याला तिसरंच नाव दिलं आणि १८३८ मध्ये त्यानंच हा प्राणी बाकीच्या कुत्र्यांपासून वेगळा काढून ‘क्युऑन’ ही प्रजाती केली. तिन्ही प्राणी एकच निघाले. जो आधी नाव ठेवेल त्याचं नाव टिकतं हा शास्त्राचा नियम, त्यामुळे पॅलास जिंकला आणि आपला दख्खनेन्सिस हरला. दक्षिणेकडच्या रानकुत्र्यांची पोटजात म्हणून ते नाव पुस्तकांमधून बरीच वर्षं तग धरून होतं. गंमत अशी की ज्या रशियाकडून नाव आलं तिथे हा कुत्रा आज दिसत नाही. दख्खनमध्ये अजून आहे.

एप्रिल, पांढरपौनी आणि एक मतदान

ताडोब्यात मी गेले होते ते ऑफिसच्या पाच जणांबरोबर. एप्रिल महिना, चंद्रपूरचं ऊन, सकाळी नऊलाच सीटचं रेक्झिन चटके देत होतं. बांबू वाळून पिवळा, सागाची पानं खाली, मोहाचा वास. आमच्या गाडीत एक प्रोजेक्ट मॅनेजर, त्याला वाघ ‘डिलिव्हर’ व्हायला हवा होता, आणि उरलेले आम्ही. पांढरपौनीच्या बाजूला एका पाणवठ्यापाशी गाडी आली आणि समोरून येणाऱ्या जिप्सीच्या ड्रायव्हरनं खुणेनंच सांगितलं, मागे वाघीण बसलीय. त्या क्षणी आमचा गाइड मात्र उलट्या दिशेला बघत होता. हळूच म्हणाला, ‘‘कुत्रे येऊन राहिले.’’

गाडीत मतदान झालं. दोन मतं वाघाला, दोन तटस्थ, एक माझं. गाइडनं निकाल फिरवला. ‘‘ताई, वाघीण उन्हात कुठं जात नाही जी, संध्याकाळी पण तिथंच बसून राहील. हे काही थांबणार नाहीत.’’ मॅनेजरनं घड्याळ बघितलं, सुस्कारा टाकला. गाडीचं इंजिन बंद झालं.

बांबूतून पहिला आला तो थांबलाच नाही. सरळ पाण्यात जाऊन मागचे पाय दुमडून टबमध्ये बसावं तसा बसला. मग दुसरा. मग एकदम सहा. रानकुत्र्यांना पाण्याचं भलतंच वेड असतं, नुसतं पिऊन भागत नाही, बसायला लागतं. एकानं दुसऱ्याच्या मानेवर उडी घेतली, तिसरा शेपूट हलवत मध्ये पडला, पाण्याचा नुसता चिखल. आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर हे चाललं होतं आणि आमच्याकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नाही. आत फोन न्यायला बंदी, त्यामुळे कुणी रीळ काढत नव्हतं. सगळे नुसते बघत होते. हल्ली असं कुठे होतं सांगा!

मग पलीकडे चितळानं कॉल दिला. पाण्यातली मस्ती जिथल्या तिथे थांबली. कुणी कुणाला काही सांगितल्याचं दिसलं नाही, पण दोघं डावीकडून, तिघं उजवीकडून निघाले, उरलेले सरळ, आणि अर्ध्या मिनिटात पाणवठा रिकामा. पुढचं काही दिसलं नाही. खूर वाजले, वाळलेला बांबू कडाडला, वानरांनी आरडाओरडा केला. मग शांतता. मग ती शिट्टी.

वीसेक मिनिटांनी तीन कुत्रे परतले. तोंडं लाल, पोटं तट्ट फुगलेली. आणि बांबूच्या जाळीतून, जिथे इतका वेळ आम्हाला काहीच दिसलं नव्हतं, तिथून चार पिल्लं धावत सुटली. मोठ्यांच्या ओठांच्या कोपऱ्याला नाकं घासत कुईकुई करायला लागली. एका कुत्र्यानं मान खाली घातली, पोट आवळलं आणि गिळलेलं मांस पिल्लांपुढे ओकून टाकलं. मागच्या सीटवरून ‘ई!’ असा आवाज आला. गाइड शांतपणे म्हणाला, ‘‘डबा आणला जी त्यानं.’’

त्यातला एक तरी त्या पिल्लांचा बाप असेल की नाही, सांगता येत नाही. तेच तर यांचं वैशिष्ट्य. टोळीत साधारण पाच ते बारा जण असतात, कधी त्याहून बरेच जास्त. पिल्लं बहुधा एकाच जोडीची. बाकीचे काका, मावश्या, मोठी भावंडं. पण घर सगळ्यांचं. हिवाळ्यात मादी बिळात किंवा खडकांच्या कपारीत पिल्लं देते, ती बाहेर शिकारीला जात नाही. टोळी शिकार करते, पोटात भरून आणते, तिला आणि पिल्लांना देते. एखाददुसरा बिळापाशी पहाऱ्याला थांबतो. पाळणाघर, कॅन्टीन आणि सिक्युरिटी, सगळं इनहाउस. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली की बीळ सुटतं. पुढे ती टोळीबरोबर शिकारीपर्यंत जायला लागतात, तेव्हाचा नियम ऐकण्यासारखा आहे. आधी पिल्लं जेवतात. मोठे बाजूला थांबतात. सिंहांमध्ये हे नेमकं उलट चालतं, तिथे दांडगा आधी खातो.

क्रूर म्हणे

आता नावडत्या भागाकडे. रानकुत्र्यांची बदनामी झाली ती त्यांच्या मारण्याच्या पद्धतीमुळे. वाघ-बिबट्या गळा धरतात, श्वास कोंडतात आणि मग जेवायला बसतात. रानकुत्र्याचा जबडा आणि वजन त्याला पुरत नाही. त्यामुळे ते अनेक तोंडांनी, मागून, पोटाकडून, पळत्या जनावराला फाडतात, आणि ते पुरतं मरायच्या आधी खायला लागतात. दिसायला हे भयंकर आहे. मी ते गोड करून सांगणार नाही. पण बहुतेक वेळा ते काही मिनिटांत संपतं, आणि घाईलाही कारण आहे. जेवण सुरू झालं की वासानं वाघ येऊ शकतो, बिबट्या येऊ शकतो, रानडुकरं येतात. म्हणून एक कुत्रा तासाभरात चार किलोपर्यंत मांस पोटात ढकलतो आणि चालू पडतो. आपल्याला डोळ्यांना बरं दिसतं ते दयाळू आणि खुपतं ते क्रूर, ही वाटणी आपण केली. चितळाला विचारून केलेली नाही.

जुन्या लोकांची एक समजूत तर फारच भारी. म्हणे कोळसुंदे झुडपांवर मुततात, त्यातून पळणाऱ्या जनावराच्या डोळ्यात ते जातं आणि ते आंधळं होतं, मग कोळसुंदे त्याला मारतात. कुत्र्यासारखं छोटं जनावर सांबर पाडतं हे पटवून घ्यायला माणसांना काहीतरी जादू लागत असणार. एक मात्र खरं, हे कुत्रे मुतण्याच्या बाबतीत कलाकार आहेत. पुढच्या दोन पायांवर उभं राहून, मागचे दोन्ही पाय हवेत उचलून खूण करताना त्यांना अभ्यासकांनी पाहिलं आहे. शिवाय टोळीचं एक सार्वजनिक संडासही असतं, बहुधा जंगलातल्या रस्त्यांच्या चौकात. शेजारच्या टोळीसाठी तो नोटीस बोर्ड. सफारीत रस्त्याच्या फाट्यावर केसांनी भरलेली लेंडकं दिसली की नाक मुरडू नका, गाइडला विचारा.

इंग्रजांच्या काळात या कुत्र्यांवर इनाम होतं. शेपूट किंवा कातडं आणून दाखवा, पैसे घ्या. साहेब शिकाऱ्यांचा हिशेब साधा होता, जे चितळ-सांबर आम्ही मारायचे ते हे मारतात, म्हणजे हे चोर. गोळी घातली, विष घातलं, बिळातली पिल्लं मारली. आणि हे साहेब गेल्यावर थांबलं असं समजू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत रानकुत्रा मारणं हे चांगलंच काम समजलं जायचं.

साहित्यानंही हातभार लावला. दूरदर्शनवर मोगली बघत मोठी झालेली आपली पिढी शेरखानला ओळखते. पण किपलिंगच्या १८९५ च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये ‘रेड डॉग’ नावाची गोष्ट आहे, आणि तिच्यातले खलनायक आहेत दख्खनहून वर सिवनीवर चाल करून येणारे लाल कुत्रे. म्हणजे आपलेच! मोगली त्यांना आग्यामोहोळांच्या कड्यावरून वैनगंगेत ओढून नेतो. वैनगंगा तीच, जी पुढे भंडाऱ्यावरून आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे येते. डिस्नेनं १९६७ मध्ये सिनेमा काढला तेव्हा ही गोष्टच गाळली. कुत्र्यांच्या दृष्टीनं बरंच झालं.

कुत्र्यांची बाजू मांडणारं माणूस भेटायला मात्र बराच वेळ गेला. ते भेटले कर्नाटकात. ए. जे. टी. जॉनसिंग या तमिळ शास्त्रज्ञानं १९७६ ते १९७८ या काळात बंदीपूरच्या जंगलात एका टोळीच्या मागे पायी फिरून नोंदी केल्या. रेडिओ कॉलर नाही, कॅमेरा ट्रॅप नाही. गिधाडं कुठे उतरतात, कावळे कुठे ओरडतात त्यावरून शिकार शोधायची. त्यांच्या टोळीचा इलाका निघाला सुमारे ४० चौरस किलोमीटर. भारतीय माणसानं जंगलातल्या मोठ्या सस्तन प्राण्याचा शास्त्रीय पद्धतीनं केलेला हा अगदी सुरुवातीचा अभ्यास. जॉनसिंग २०२४ मध्ये गेले. त्याच बंदीपुरात म्हैसूरचे कृपाकर आणि सेनानी हे दोन फोटोग्राफर वर्षानुवर्षं या कुत्र्यांची फिल्म करत होते. वीरप्पननं १९९७ मध्ये पळवून नेलेली आणि दोन आठवड्यांनी सोडलेली जोडी ती हीच. सुटून आल्यावरही त्यांनी कुत्र्यांचा नाद सोडला नाही.

शेजारच्या नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत आणि मेल संक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा एकाच जंगलात गुण्यागोविंदानं कसे राहतात ते तपासलं. निष्कर्ष १९९५ मध्ये छापून आला. थोडक्यात असा, मेन्यू वेगळा. वाघाच्या शिकारीचं सरासरी वजन ९० किलोच्या घरात, बिबट्या आणि कुत्र्यांचं ४० च्या आसपास. शिवाय कुत्रे दिवसाउजेडी फिरतात. जंगलात मोठी, मधली, छोटी अशी सगळी जनावरं भरपूर असली की तिघांचं भागतं. ती कमी झाली की आधी भूक लागते ती ज्याला रोज दहा तोंडं भरायची असतात त्याला.

आणि भूक लागली की टोळी जंगलाच्या कडेला येते. वासरू, शेळी. ज्याचं वासरू गेलं त्याच्या घरी जाऊन तुम्ही-मी कुत्र्यांचं कौतुक सांगू शकत नाही. सरकारी भरपाई असते, पण ती कागदांच्या चालीनं येते. मग कुणीतरी उरलेल्या मढ्यावर कीटकनाशक टाकतं. वाघाला विष घातलं तर एक वाघ मरतो. रानकुत्रे सगळे मिळून एका ताटात जेवतात, पिल्लांना ओकून देतात. एका वासरात अख्खी टोळी जाते, बिळातल्या पिल्लांसकट.

दुसरं मरण त्याहून गुपचूप येतं. तुमच्या घरी कुत्रा असेल तर वर्षातून एकदा तुम्ही त्याला व्हेटकडे नेता आणि तो एक इंजेक्शन टोचतो. त्यात डिस्टेंपर आणि पार्व्हो या दोन रोगांवरची लस असते. जंगलाच्या कडेच्या गावांमधल्या मोकाट कुत्र्यांना ती कोण देणार? ते रात्री जंगलात शिरतात, त्याच चौकात हुंगतात, त्याच पाणवठ्यावर पितात. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्या आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. सिंह मेले म्हणून देशभर बातमी झाली. रानकुत्रे तर एकमेकांची तोंडं चाटत जगतात, आणि बांबूत एखादी टोळी आजारी पडून संपली तर बातमी कोण देणार? पुढच्या हिवाळ्यात गाइड सांगेल, ‘या बाजूला पूर्वी दिसायचे.’

चांगल्या बातम्याही आहेत, उगाच तोंड कडू नको. नागपूर-जबलपूर हायवे पेंचच्या जंगलातून जातो, तिथे रस्ता उंच करून खालून जनावरांना वाट ठेवली. २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांबरोबर रानकुत्रेही खालून ये-जा करताना टिपले गेले. गुजरातेत डांगच्या शेजारच्या वांसदा राष्ट्रीय उद्यानात २०२० मध्ये दोन रानकुत्रे कॅमेऱ्यात आले, तेही सुमारे ५० वर्षांनी. आणि आपला सह्याद्री! कोयना-चांदोलीचा व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला, पण तिथे कायम मुक्कामी वाघ नव्हते. वाघाच्या गादीवर इतकी वर्षं बसले होते ते बिबट्या आणि कोळसुंदे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातूनच एक वाघीण पकडून चांदोलीत नेऊन सोडली. टीव्हीवर केवढा गाजावाजा झाला. रानकुत्र्यांना तिथे कुणी नेलं नव्हतं, ते कुठे गेलेच नव्हते.

आमची वाघीण? संध्याकाळच्या सफारीत पुन्हा त्या बाजूला गेलो तर तिथे गाड्यांची रांग, धूळ आणि रिकामी सावली. मॅनेजरनं गेटवर ‘झालं का?’ विचारणाऱ्याला काय उत्तर दिलं ते मी ऐकलं. म्हणाला, ‘‘रानकुत्रे. पिल्लांसकट.’’ समोरच्याला काहीच कळलं नाही.

कसं जाल, कधी जाल

मुंबई-पुण्याहून चंद्रपूर किंवा बल्लारशाहपर्यंत रेल्वे, नाहीतर विमानानं नागपूर आणि पुढे गाडी. चंद्रपूरकडून मोहर्ली गेट सोयीचं, नागपूरकडून चिमूरमार्गे कोलारा. सफारीचं बुकिंग आधी ऑनलाइन करा, सुट्ट्यांच्या दिवसांत गेटवर जाऊन काही मिळत नाही. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्याची सुट्टी. रानकुत्र्यांसाठी सकाळची सफारी घ्या, ते उजेडात फिरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बिळाबाहेर आलेली पिल्लं दिसायची शक्यता जास्त, एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर टोळी सापडते, पण उकाडा सोसायची तयारी हवी. गडद टी-शर्ट आणि परफ्यूम घरी ठेवा. बिळाजवळ गाडी न्यायचा आग्रह गाइडला करू नका, माणसांची वर्दळ वाढली की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. गाडीत बसल्या बसल्या गाइडला सांगून टाका की आम्हाला कुत्रे दिसले तरी थांबायचंय. त्याचा चेहरा बघा. हे त्याला फार कुणी सांगत नाही.